पेशी, कोशिका आणि अमरकोशातलं अंडं

इंदूरच्या रामबागेतून एका विद्यार्थिनीने विचारलंय: यंत्राने पेशी तपासण्याच्या 'फ्लो सायटोमेट्री' या तंत्राला मराठीत 'कोशिकागणना' म्हटलं तर चालेल का? शिक्षण हिंदीतून झाल्यामुळे तिच्या तोंडी इंग्रजी 'सेल'साठी कोशिका बसलीय, आणि घरी आजोबा म्हणतात, मराठीत पेशीच म्हणायचं.

आधी ती 'गणना' काढून टाका. हा शब्द मला दर वेळी खटकतो. ते यंत्र नुसती डोकी मोजत नाही. सेकंदाला हजारो पेशी एकीमागून एक लेसरच्या झोतासमोरून नेतं. पुढच्या दिशेने विखुरलेल्या प्रकाशावरून पेशी केवढी ते कळतं, बाजूला विखुरलेल्यावरून ती आतून किती कणीदार, आणि पेशीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडींना) जोडलेल्या रंगांच्या चमकेवरून ती कोणत्या प्रकारची. रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ठरवताना हेच कामी येतं. याला मापन म्हणतात.

आता पेशी. आपल्याकडे 'उद्या पेशी आहे' म्हणजे कोर्टाची तारीख. ती फारसी 'पेश'ची, पेशव्यांच्या कुळातली. तिला बाजूला ठेवू. संस्कृत पेशी निराळी. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी सांगितल्या, त्या म्हणजे आपण ज्यांना स्नायू म्हणतो ते. तेवढंच धरून काही पंडित मराठीला चूक ठरवतात आणि कोशिकेला शास्त्रशुद्धतेचं प्रशस्तिपत्र देतात. त्यांनी अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाचा सिंहादिवर्ग उघडावा: 'पेशी कोशो द्विहीनेऽण्डम्'. 'द्विहीने' म्हणजे पुल्लिंग-स्त्रीलिंग दोन्ही नसलेलं; ते एवढ्यासाठी की 'अण्ड' नपुंसकलिंगी. बाकी पेशी, कोश, अंड, तिन्हींचा अर्थ एकच, पक्ष्याचं अंडं! म्हणजे आजोबांची पेशी आणि नातीची कोशिका एकाच ओळीत शेजारी बसल्यात. आणि फलन न झालेल्या अंड्यातला पिवळा बलक म्हणजे तरी काय? नुसत्या डोळ्यांना दिसणारी एकच पेशी!

रॉबर्ट हुकने १६६५ साली बुचाच्या कापात कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटलं, म्हणजे छोटी खोली. 'सायटो'च्या मुळाशी ग्रीक 'किटोस' आहे, पोकळ भांडं. कोशही ऋग्वेदात भांडंच. खोली रिकामी असू शकते, भांडंही. जीव धरून बसलेलं आहे ते अंडं. कोशाला त्या रिकाम्या भांड्याचा अर्थही चिकटलाय, पेशीला तो नाही. म्हणून माझं मत पेशीला.

हां, तर शब्द: प्रवाह-पेशीमापन. 'प्रवाही' लिहू नका, पेशी पातळ झाल्यासारखं वाटतं.