चाळीस पानांचा इतिहास आणि स्किपचं बटण

तुझं पत्र मिळालं. बारावी, कला शाखा. रोल-प्लेइंग गेमची, म्हणजे खेळाडू स्वतः एक पात्र होऊन खेळतो त्या व्हिडिओ गेमची, कथा लिहायची आहे, वहीत एका राजघराण्याचा चाळीस पानी इतिहास तयार आहे. तीन मित्रांना सुरुवात दाखवली, तर तिघांनीही स्किप दाबलं. "माझ्यात लिहिण्याचा गुणच नाही का?" असं विचारतोस. खरं सांगू? मीही स्किपच दाबलं असतं. पण त्याचा गुणाशी संबंध नाही. तू इतिहास आधी सांगतोस आणि खेळाडूच्या हाताला काम नंतर देतोस, गडबड तिथे आहे.

'स्कायरिम' (2011) हा गेम पुन्हा सुरू करून बघ. आपण घोडागाडीत, हात बांधलेले, फक्त मान वळवता येते. सोबतच्या कैद्यांच्या बोलण्यातून यादवी युद्ध कळतं. गाव येतं, शिपाई यादी वाचतो, आपलं नाव त्यात नसतं. तो विचारतो, तू कोण? आणि तिथेच चेहरा, वंश, नाव निवडायचा पडदा उघडतो. एरवी कंटाळवाणा वाटणारा फॉर्म, पण शिरच्छेदासाठी मान ठोकळ्यावर जायच्या बेतात असताना आपण तो मन लावून भरतो!

'क्रोनो ट्रिगर' (1995) या गेमची तऱ्हा निराळी. आई झोपेतून उठवते, आपण जत्रेला जातो. एका मुलीशी धडक होते, तिचं लॉकेट पडतं. आधी तिची विचारपूस केली की लॉकेट उचललं? म्हाताऱ्याचा डबा खाल्ला का? पुढे आपल्यावर खटला उभा राहतो, तेव्हा हे सगळं भर कोर्टात निघतं. जत्रेत आपण बेफिकीर असतो, म्हणूनच ते झोंबतं.

आता करिअरचं. आपल्याकडे नुसत्या कथालेखकाच्या जागा थोड्याच. टेस्टिंग (गेम खेळून चुका शोधणं) किंवा लेव्हल डिझाइनमधून (गेमचे टप्पे रचणं) शिरावं लागेल, याची तयारी ठेव. पदवी कुठलीही घे, पण पूर्ण कर. पुढे एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्था) बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे. "आधी कोडिंग शीक" हे वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. थोडं शिकच, पण त्यासाठी लिहायचं थांबू नकोस. ट्वाइन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कोडिंगशिवायही फाटे फुटणारी गोष्ट रचता येते.

दिवाळीपर्यंत फक्त पहिली दहा मिनिटं तयार कर. वहीतली दोनच वाक्यं वापरायची, तीही कुणाच्या तरी तोंडी. मग त्याच तिघांना खेळायला दे. शेजारी बसून समजावू नकोस, कोण कुठे अडलं तेवढं टिप आणि मला कळव.