शेत पडीक टाकल्याने प्रेअरी परत येत नाही

प्रश्न : अमेरिकेतील इलिनॉय राज्यात माझ्या मुलीच्या सासरी 80 एकर जमीन असून तीन पिढ्या तेथे मका आणि सोयाबीन घेतले जाते. ती न विकता प्रेअरीचे, म्हणजे तेथील मूळच्या गवत-फुलझाडांच्या माळरानाचे, संरक्षित क्षेत्र म्हणून लोकांसाठी खुली करावी, असे आमच्या व्याह्यांच्या मनात आहे. जमीन पडीक सोडली की गवत उगवेलच, मग एवढा खटाटोप कशासाठी? आणि पुढे मुलांनी ती विकायला काढली तर?

उत्तर : गवत उगवेल, पण ते प्रेअरीचे नसेल. इलिनॉयमध्ये एके काळी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती; जॉन डीअर यांनी 1837 मध्ये त्याच राज्यात पोलादी नांगर घडवल्यानंतर तेथील चिकट काळी माती झपाट्याने लागवडीखाली आली आणि आज मूळ, उत्तम स्थितीतील प्रेअरी जेमतेम अडीच हजार एकर उरली आहे. तीन पिढ्यांच्या नांगरटीनंतर आणि तणनाशकांनंतर शेताच्या मातीत तिचे बी जवळजवळ शिल्लक राहत नाही. मोकळ्या रानात आधी तण माजते आणि मग झुडपे शिरतात.

म्हणून बी पेरावेच लागते. सोयाबीन काढल्यावर उरलेल्या उघड्या रानात, हिवाळ्याच्या तोंडावर, बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास यांसारखी गवते आणि कंपास प्लँटसारखी फुलझाडे यांचे मिश्र बी टाकतात, कारण यांतील पुष्कळ बियांची सुप्तावस्था थंडी आणि ओल यांनीच मोडते. पहिल्या वर्षी वर दिसते ते तणच. रोप बोटभर असते, कारण त्याची सारी ताकद मुळांत जात असते. तण तेवढे वरच्यावर छाटायचे आणि पेरणी वाया गेली असे समजून नांगर मात्र घालायचा नाही. पुढेही दर काही वर्षांनी जाणकारांच्या देखरेखीखाली, वारा पाहून आणि आग पसरू नये म्हणून भोवती जाळपट्टे काढून, रान पेटवावे लागते. गवताचे कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली असल्याने ते तगते आणि घुसखोर झुडपे मागे हटतात.

विक्रीची शंका रास्त आहे. जमीन पिकाखालून काढून गवत-झाडांखाली ठेवल्याबद्दल शेतकऱ्याला भाडे देणाऱ्या, सरकारच्या सीआरपी योजनेचा करार 10 ते 15 वर्षांचाच असतो आणि त्यानंतर नांगर पुन्हा चालू शकतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. जमीन एखाद्या भूसंरक्षण न्यासाला, म्हणजे निसर्गासाठी जमीन राखणाऱ्या संस्थेला, बक्षीस देता येते, किंवा मालकी घरात ठेवून तिच्या वापरावर बंधने घालणारा कायमचा संरक्षण-करार नोंदवता येतो. असा करार जमिनीवरील बोज्यासारखा असतो; जमीन कोणीही घेतली तरी तो तिच्याबरोबर जातो. राज्याच्या निसर्ग-राखीव क्षेत्रांच्या व्यवस्थेतही, जी 1963 च्या कायद्याने सुरू झाली, मालकी न सोडता जमीन कायमची राखता येते. मात्र ती मुख्यतः मूळ निसर्ग टिकून असलेल्या जागांसाठी असल्याने नव्याने पेरलेल्या शेताला तेथे लगेच जागा मिळेल, असे गृहीत धरू नये. संरक्षण-करार दान केल्यास आयकरात सवलत मिळू शकते, परंतु अशा कराराने लोकांना आत येण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. व्याह्यांना तो द्यायचा असेल, तर दस्तात तसे स्पष्ट लिहावे लागेल.

जमीन भावंडांत सामाईक असेल तर सर्वांच्या सह्या लागतील. माझ्या मते खरी अडचण बियाण्यापेक्षा येथेच येते. शिवाय न्यास बहुधा जमिनीबरोबर देखभालीसाठी काही रक्कमही मागतात. शेताखालून निचऱ्याचे नळ गेले असतील तर रानात ओल परत यावी म्हणून ते फोडण्यापूर्वी त्यांतून शेजाऱ्याच्या शेताचेही पाणी जाते का, हे अवश्य पाहावे.