सोळा तास उपाशी राहिल्याने मेंदू साफ होऊन अल्झायमर टळतो का?

या दाव्यातली ‘सफाई’ म्हणजे ऑटोफॅजी: पेशीने स्वतःचाच कचरा पचवणं. चेतापेशीला त्याची गरज फार. त्वचेची पेशी विभागते तेव्हा साठलेला गाळ दोघींत वाटला जातो. चेतापेशी विभागतच नाही. २००६ साली जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या चेतापेशींतून एटीजी५ आणि एटीजी७ ही ऑटोफॅजीला लागणारी जनुकं काढली. कुठलंही रोगट प्रथिन घातलेलं नव्हतं, तरी पेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साचल्या आणि उंदरांची चाल बिघडली.

पण म्हणून ‘ऑटोफॅजी वाढवा’ एवढ्याने भागत नाही. पायाच्या बोटांपर्यंत पोचणारा चेतापेशीचा तंतू जवळपास मीटरभर लांब असतो. कचऱ्याची पिशवी बऱ्याचदा त्याच्या टोकाला बनते, डायनीन हे प्रथिन तिला पेशीच्या मुख्य भागाकडे ओढत आणतं, वाटेत ती लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीला, जुळते आणि तिथल्या आम्लात, म्हणजे साडेचार-पाच पीएचला, विकरं आतला माल पचवतात. आम्लता घटली की पिशव्या भरलेल्याच राहतात. अल्झायमरच्या मेंदूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असंच दिसतं: तंतू जागोजागी फुगलेले, फुगवट्यांत अर्धवट पचलेल्या पिशव्या ठासून भरलेल्या. मोरी तुंबलेली असताना नळ आणखी सोडून काय उपयोग?

ऑटोफॅजी मोजायला कचऱ्याच्या पिशव्यांच्या आवरणावरचं एलसी३-२ हे प्रथिन मोजतात. ‘एलसी३-२ वाढलं’ असं वाचलंत तर याच कारणाने सावध राहा. पिशव्या जास्त बनल्या तरी ते वाढतं, रिकाम्या होईनाशा झाल्या तरीही वाढतं. बॅफिलोमायसिन या रसायनाने लायसोसोम बंद पाडून पुन्हा मोजावं लागतं. आकडा आणखी चढला तर निचरा चालू होता. जागचा हलला नाही तर पुढे आधीच तुंबलेलं असण्याची शक्यता मोठी.

पार्किन्सनच्या काही आनुवंशिक प्रकारांत गाडी वेगळीकडे अडते. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागावर, पिंक१ हे प्रथिन साचतं, ते पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं आणि पार्किन ‘हे काढा’ अशी खूण लावतं. यांपैकी एकाचं जनुक बिघडलं की आजार ऐन तरुणपणीही गाठू शकतो.

आता तुमचे सोळा तास. उपाशी उंदराच्या यकृतात ऑटोफॅजी जोरात वाढते. मेंदूबाबत प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. जिवंत माणसाच्या चेतापेशींत ती थेट मोजणारी चाचणीच नाही, त्यामुळे अल्झायमर टळण्यासाठी सोळा हा आकडा मी ग्राह्य धरणार नाही. घरात कुणी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको, साखर एकदम खाली येते. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांना यासाठी उपाशी ठेवू नका. त्यांचं वजन बहुधा आधीच घटत असतं.