मांजरीच्या एकाच गालावरच्या मिशा तुटल्यात, कॅल्शियम सुरू करू का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर राहता, मांजर दोन वर्षांची आहे, डाव्या गालावरच्या पाच-सहा मिशा अर्ध्यावर गेल्यात आणि शेजारच्या काकूंनी कॅल्शियमचं सिरप सांगितलंय.

सिरप कपाटात ठेवून द्या. मिशी केरॅटिनची असते, म्हणजे प्रथिनाची. कॅल्शियम लागतं हाडांना. खाण्यात खरंच खोट असेल, म्हणजे मांजर नुसत्या दूध-पोळीवर असेल, तर अंगभर केस निस्तेज होतात, गळतात. फक्त डावा गाल निवडून कुठलीच कमतरता येत नाही. हे ‘मिशा गेल्या की कॅल्शियम’ कुठून निघालं देव जाणे, पण दर पावसाळ्यात ऐकू येतं.

मोबाइलचा टॉर्च लावा, कॅमेरा झूम करा आणि मिशीचं टोक बघा. धड मिशी टोकाकडे निमुळती होत जाते. तुटलेलीचं टोक बोथट दिसतं, कधी चिरलेलं. सोफ्याखाली पडलेली मिशी सापडली तर तीही बघा: जाड टोकाला बारीक पांढरट गाठ असेल तर ती मुळासकट आपणहून गळलीय. अशा एखाद-दोन गळतातच, दोन-तीन महिन्यांत नवी येते.

टोकं बोथट आणि गालाची कातडी स्वच्छ असेल तर घासणं किंवा जळणं. तुमच्याकडे बाल्कनीला कबुतरांची नायलॉनची जाळी असणारच. मांजर रोज एकाच कोपऱ्यातून गाल दाबून खाली बघते, आणि नेमक्या त्याच बाजूच्या मिशा जातात. त्या कोपऱ्याला आतून फूटभर उंच ॲक्रिलिकचा तुकडा लावा. जळालेली मिशी वेगळी ओळखू येते, टोक गुंडाळलेलं आणि चुरचुरीत असतं. निरांजन, समई, गॅसचा बर्नर, एवढेच संशयित. घरात दुसरं मांजर असेल तर तेही चाटता चाटता मिशा कुरतडतं. पिल्लांच्या मिशा आई कुरतडते.

आता खरं म्हणजे ज्यासाठी लिहायला बसलो ते. मिशी मुळापासून गेलीय, तिथे गोल टक्कल आहे, राखेसारखा कोंडा आहे, तर ते बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशी. आणि लोक काय करतात? मेडिकलमधून माणसांची ट्यूब आणतात, ती बुरशी, जिवाणू, खाज सगळ्यांवर एकदम चालणारी. नेरुळच्या एका बोक्याची गोष्ट घ्या. वरच्या ओठाजवळ रुपयाएवढा डाग, तीन मिशा गायब. ट्यूब लावली, चार दिवसांत लाली गेली, घरचे खूश. त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल होतं, म्हणजे कडक स्टेरॉइड. त्यानं सूज दबते, तिथली प्रतिकारशक्तीही दबते, आणि बुरशी निवांत पसरते. तीन आठवड्यांनी डाग डोळ्यापर्यंत गेला आणि घरातल्या मुलीच्या मनगटावर लाल कडं उठलं. शिवाय मांजर तोंड चाटणारच, म्हणजे ट्यूब पोटात. तरी त्या घरी अजून वाद चालतो की ‘पहिल्यांदा गुण आला होता’. गुण आला नव्हता, लाली झाकली गेली होती.

व्हेटकडे वूड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली, केस हिरवे चमकले तर संशय बळावतो, पण नाही चमकले म्हणून बुरशी नाही असं होत नाही. नवा टूथब्रश दोन-तीन मिनिटं डागावर आणि आसपास फिरवून कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढते का हे बघायला देतात. उत्तराला दोन-तीन आठवडे लागू शकतात. उपचार म्हणजे पोटातून इट्राकोनाझोल, हे बुरशीवरचं औषध, आणि आठवड्यातून दोनदा औषधी शॅम्पू. डोस वजनावर असतो, तो व्हेटनंच ठरवायचा. केस परत आले म्हणून मध्येच थांबवू नका, कल्चर साफ येईपर्यंत चालू ठेवा. घरातले केस रोज उचला, चादरी वेगळ्या धुवा. फरशी आधी साबणानं, मग ३२ भाग पाण्यात एक भाग ब्लीच. वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. फिनाईल नको, मांजराच्या यकृताला ते झेपत नाही.

कानाच्या कडांवर जाड खपल्या आणि प्रचंड खाज असेल तर ती खरूज, बुरशी नव्हे. तिच्यावर कुत्र्याचं स्पॉट-ऑन, म्हणजे पाठीवर सोडायचं गोचीड-पिसवांचं औषध, चुकूनही लावू नका. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजराला झटके येतात, जीवही जातो. नाकाच्या दांड्यावर आणि कानांवर फोड आले असतील तर डासांची ॲलर्जीही असू शकते. खाडीकाठच्या घरांत हे लक्षात ठेवा, खिडकीला बारीक जाळी लावा.

हो, आणि डेव्हन रेक्स किंवा स्फिंक्स जातीचं मांजर असेल तर वरचं सगळं सोडा, त्यांच्या मिशा जन्मापासूनच वाकड्या, तुटक्या किंवा नसलेल्या असतात. ‘मिशा दुखतात’ म्हणून विकली जाणारी महाग पसरट ताटली घेऊ नका, स्टीलची उथळ वाटी पुरते. उरलेल्या मिशा एकसारख्या दिसाव्यात म्हणून कात्रीनं छाटूही नका. कापताना दुखत नाही हे खरं, पण अंधारात जागेचा अंदाज त्यांच्यावरच चालतो आणि तुमच्या बाल्कनीला अकरा मजले आहेत.

डाव्या गालाचा जवळून फोटो टाका. टोक आणि मूळ दोन्ही दिसायला हवेत.