वाचक विचारतात : तंबूतली शेगडी किती हलकी हवी?

प्रश्न : आम्ही चौघे डिसेंबरअखेर उत्तराखंडात मुन्स्यारीकडे जाणार आहोत. गाडीरस्ता सोडून दीड तास चढून ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात तीन रात्री मुक्काम. तंबू पॉलिकॉटनचा, मधोमध एकच खांब, उंची २.१ मीटर. आत लावायला लाकडावर चालणारी घडीची शेगडी घ्यायची आहे. टायटॅनियमची दीड किलोची मिळते, पण स्टीलच्या तिप्पट किमतीला. नागपुरातच वेल्डरकडून करून घेतली तर? रात्रभर पेटती राहील अशी हवी.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : रात्रभराचा विषय आधी संपवू. वाहून नेण्याजोगी कुठलीही शेगडी रात्रभर चालत नाही. पेटी लहान, त्यामुळे दर अर्ध्या-पाऊण तासाने लाकूड घालावंच लागतं. विझत आलेली शेगडी तर भडकलेलीपेक्षा वाईट. ज्वाळा गेल्या की नळी गार होते, धूर वर खेचणारी ओढ मंदावते आणि निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वर जाण्याऐवजी तंबूत उतरतो. त्याला ना रंग ना वास. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. तेव्हा शेगडी जागेपणी, कपडे वाळवायला, चहाला, जेवणाला. झोपताना निखारे पत्र्याच्या डब्यात काढून बाहेर ठेवायचे. स्लीपिंग बॅग बाहेरच्या थंडीच्या हिशेबानेच घ्या, शेगडीच्या भरवशावर पातळ घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्याच, आणि तंबूला खाली एक, वर एक अशा दोन फटी सदैव उघड्या ठेवा.

आता वजन. ४० × २५ × २५ सेंमीच्या पेटीला साधारण अर्धा चौरस मीटर पत्रा लागतो. १ मिमी लोखंडी पत्र्यात तिचं वजन ४ किलोच्या आसपास जातं. वेल्डर सवयीने २ मिमी लावतात, मग थेट ८ किलो. तीच पेटी अर्ध्या मिमीच्या टायटॅनियमची केली तर सव्वा किलोच्या आत. जाहिरातीतलं दीड किलो खोटं नसतं, पण बरेचदा तो आकडा नुसत्या पेटीचा असतो. नळी, जाळी, पाय धरून किती होतं ते विचारा.

खरी बचत नळीत आहे. २.२ मीटर लांब, ७ सेंमी व्यासाची नळी अर्ध्या मिमीच्या स्टीलच्या तुकड्यांची केली तर जवळपास १.९ किलो. ०.१ मिमीच्या टायटॅनियमच्या पत्र्याची गुंडाळी नळी पाव किलोच्या थोडी वर, आणि पाण्याच्या बाटलीएवढ्या जागेत मावते. म्हणून आमचं मत : पेटी १ मिमी स्टीलची, इथेच करून घ्या, पैसे नळीवर घाला. पेटीचा भार चौघांत एकदा दीड तास वाटून न्यायचा आहे, त्यासाठी तिप्पट मोजण्यात राम नाही. रोज तळ हलवत दहा दिवस चालणार असता, तर उत्तर उलटं दिलं असतं.

वेल्डरला स्पष्ट सांगा : साधा सीआर (कोल्ड रोल्ड, बिनमुलाम्याचा) पत्रा किंवा ३०४ स्टेनलेस, जीआय अजिबात नाही. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो. तो तापला की त्याची वाफ फुफ्फुसात जाते आणि थंडी वाजून ताप भरतो. तुकडा स्वस्त पडतो म्हणून नळीला जीआय लावून देणारे भेटतात, हातात घेऊन पाहा. दार बाहेर उघडणारं, त्याच्या तळाशी हवेसाठी सरकती झडप. नळीच्या तोंडाचा घेर घेतलेल्या नळीशी जुळवूनच कापायला लावा. पाय रुंद टाचेचे हवेत, नाहीतर बर्फात शेगडी एका बाजूला रुतते. खाली दोन चपटे दगड ठेवा. पेटीच्या तळाला बोटभर राख किंवा वाळू राहू द्या, म्हणजे पत्रा जळून भोक पडणार नाही.

गुंडाळी नळी पहिल्यांदा उघडताना दोन माणसं आणि चामड्याचे हातमोजे लागतात. कड ब्लेडसारखी कापते. पत्रा लांबीच्या दिशेने गुंडाळून आलेला असतो, नळी रुंदीच्या दिशेने वळवायची असते, त्यामुळे तो हातातून उसळतो. एका टोकापासून सुरुवात करा, नळी आवळून धरणाऱ्या कड्या एकेक चढवा, दोन कड्यांत वीतभरापेक्षा जास्त अंतर नको. मग घराबाहेर अर्धा तास चांगला जाळ करा. पत्रा आधी सोनेरी, मग निळा-जांभळा होतो आणि पुढल्या वेळी आपोआप वळायला लागतो. ही पहिली पेटवणी मुन्स्यारीत करू नका. थंडीने बोटं बधिर झाल्यावर हे काम होत नाही.

लांबी अशी काढा : नळीचं टोक तंबूच्या शेंड्याच्या निदान ३० सेंमी वर, म्हणजे जमिनीपासून २.४ मीटर. शेगडीची उंची ४० सेंमी धरली तर नळी २ मीटर पुरते, २.२ घ्या. वर ठिणग्या अडवणारी जाळी, आणि तीन बाजूंनी ताण तारेचे. दोरी जळते. कापडातून नळी जाते तिथे सिलिकॉन लावलेल्या फायबरग्लासचा तुकडा शिवलेला असतो. तरीही तेवढ्या भागात नळीवर दुसरी सैल नळी चढवा. पेटी आणि कापड यांत किमान ४५ सेंमी मोकळं ठेवा.

घरी तांब्याचा बंब होता त्यांना पुढचं सांगायला नको. नळी गार असताना धूर उलटा येतो. आधी नळीच्या तोंडाशी कागद पेटवून तिला गरम करा, मग काटक्या, मग मनगटाएवढी लाकडं. तासाला किलोभर वाळलं लाकूड धरा. तीन संध्याकाळी चार-चार तास म्हणजे १२ ते १५ किलो, गावातूनच विकत घ्या. बांज (तिकडचा ओक) मिळाला तर उत्तम, चीड (पाइन) राळेमुळे काजळी धरतो. ओलं लाकूड असेल तर दोन दिवसांत जाळी बुजते आणि धूर तंबूत मागे फिरतो. रोज सकाळी जाळी झटका.

प्रश्न : तुकड्यांची नळी आधीच घेतली आहे. जोडावरून काळं पाणी ओघळतं. नळी खराब आहे का?
— एक वाचक, महाल

उत्तर : जोडणी उलटी आहे. वरच्या नळीचं टोक खालच्या नळीच्या आत जायला हवं. धुराच्या दिशेचा विचार करून बहुतेक जण उलट बसवतात, पण आत जमणारा डांबरी ओघळ खाली येतो. तो आतच राहिला पाहिजे. आणि लाकूड वाळवा, इतका ओघळ वाळल्या लाकडाचा नसतो.

प्रश्न : सराव म्हणून पेंचच्या जंगलात किंवा चिखलदऱ्याला पेटवून पाहावी का?
— एक वाचक, सदर

उत्तर : नाही. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, शेगडीत असली तरी आग ती आगच. काटोल किंवा उमरेड रस्त्याला कुणाचं शेत असेल तर तिथे परवानगीने करा. संत्र्याच्या बागेतली वाळलेली छाटणी सरावाला छान. शेजारी गवत-कडबा नको, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा. नागपूरच्या थंडीत तंबूत शेगडीची गरज पडत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण तशी रात्र सरावासाठी सांगून येत नाही. तंबू उघडा ठेवून नुसती ओढ आणि नळी तपासा.