बिस्मार्क बांधताय? आधी तारीख ठरवा

पहिलंच मॉडेल जहाज म्हणून दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन युद्धजहाज बिस्मार्क निवडलंत, छान! पण रंगाची बाटली उघडण्याआधी तारीख ठरवा. त्याच्या अंगावरचे काळे-पांढरे पट्टे २१ मे १९४१ रोजी नॉर्वेत, बर्गनजवळच्या खाडीत राखाडी रंगाखाली बुजवले गेले. म्हणजे २४ मेला ‘हूड’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवणारं जहाज दाखवायचं असेल तर पट्टे नकोत. मला स्वतःला पट्टेवालंच आवडतं, पण मग प्रसंग २१ मेच्या आधीचा हवा.

मूळ जहाज २५१ मीटर लांब, १:३५० मापात ते साधारण ७२ सेंटिमीटर भरतं. शेल्फ मोजून घ्या. धातूच्या पत्र्याचे नाजूक कठडे अगदी शेवटी लावा, सुपरग्लू सुईच्या टोकावर घेऊन. आधी लावले तर हात लागून वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. दोऱ्या त्यानंतरच.