‘पानी’ आणि ‘पाणी’

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. नाटक शिकायला विद्यापीठात जायचं म्हणतेस आणि घरी बाबा विचारतात, “वडसाच्या नाटक कंपन्या गावोगाव प्रयोग करतातच, मग नाटक शिकायला पुण्याला कायला जायचं?” त्यांचा प्रश्न खरा आहे. पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं रंगतात, थंडीत शाली पांघरून अख्खं गाव पहाटेपर्यंत बसतं. आपल्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तीही याच रंगभूमीसाठी. मग विद्यापीठ वेगळं काय देणार?

पहिल्या वर्षी ते तुझ्याकडून बरंच काढून घेईल, हे आधी सांगते. आमच्या वाचिक अभिनयाच्या तासाला सरांनी मला ‘पाणी’ म्हणायला सांगितलं. मी ‘पानी’ म्हणाले. ‘डोळा’ सांगितलं, मी ‘डोरा’ म्हणाले. वर्ग हसला. त्यानंतर कित्येक महिने मी तासाला तोंड उघडलं नाही. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत, ही त्या बोलीची घडण आहे, माझ्या जिभेचा दोष नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. म्हणून तुला आत्ताच सांगून ठेवते. ण आणि ळ जरूर शीक. रोज सकाळी अर्धा तास मोठ्यानं वाच, जीभ टाळूला कुठे लागते ते बघ. पण ‘पानी’ पुसून टाकू नकोस. उद्या ब्रह्मपुरीकडची म्हातारी रंगवायची वेळ आली तर वर्गातल्या कुणाहीपेक्षा ती तुझ्या तोंडी खरी वाटेल. दोन्ही उच्चार हाताशी असले की कोणता कधी काढायचा, हे तू ठरवशील.

दुसरी अडचण प्रॉम्प्टरची. आपल्याकडे तालमी थोड्या, त्यामुळे पडद्याआडून वाक्य येतं आणि नट ते झेलतो. विद्यापीठात एकेका प्रवेशावर आठवडे जातात. सुरुवातीला कंटाळा येईल. टिकून राहा. आणि नुसता अभिनय धरून बसू नकोस, प्रकाशयोजना शीक. आपल्याकडे नटांची वाण कधीच नव्हती, उजेडाचा विचार करणारं माणूस मात्र क्वचित सापडतं.

कुठे जायचं? पुण्याच्या विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. छत्रपती संभाजीनगरला नाट्यशास्त्र विभाग आहे. वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठातही हा विषय आहे, घराजवळ हवं असेल तर तेही बघ. मुंबईची थिएटर आर्ट्स अकादमी पदवीनंतरची. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं स्वप्न असेल तर त्यालाही आधी पदवी लागते आणि किमान सहा नाटकांत काम केलेलं लागतं. तेव्हा आजपासून प्रत्येक नाटकाची नोंद ठेव: तारीख, गाव, भूमिका, दिग्दर्शक. मंडळाचं पत्रक जपून ठेव, मिळालं तर सहीशिक्क्याचं प्रमाणपत्रही. माझी पहिली चार नाटकं कागदावर कुठेच नाहीत, याची मला अजून हळहळ वाटते.

सीझनचं मात्र कठोरपणे सांगते. कंपनीवाले नोव्हेंबरातच बोलावतील, रात्रीला पैसे देतील, आणि घरी पैशाची गरज असतेच. तरी पहिल्या वर्षी जाऊ नकोस. हिवाळी परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येते आणि एकदा हजेरी बुडाली की वर्ष हातचं जातं. दुसऱ्या वर्षापासून सुट्ट्या बघून जा.

बाबांना माझ्याकडून एवढंच सांग की नाटक शिकून नोकरी लागेलच असं वचन मी देत नाही. शाळा, आकाशवाणी, मालिका, बालनाट्य शिबिरं, असं तुकड्यातुकड्यांनी पोट भरतं. माझं भरलं.

यंदा मंडईला मी गावी येतेय. तोवर तुझ्या आजीला दंडारीची, म्हणजे आपल्या लोकनाट्याची, जेवढी गाणी येतात तेवढी वहीत उतरवून ठेव. ती ‘पानी’ म्हणाली तर ‘पानी’च लिही. वही घेऊन ये, आपण सोबत बसून वाचू.

तुझी,
मावशी